एजंटच्या ब्रेनचे आकडे काढताय? आधी हे बघा

पॉलीवर्ल्डसारख्या, म्हणजे न्यूरल नेटवर्कचा ब्रेन असलेले एजंट पिढ्यानपिढ्या उत्क्रांत होतात अशा सिम्युलेशनमध्ये म्युच्युअल इन्फर्मेशन (एका न्यूरॉनवरून दुसऱ्याबद्दल किती कळतं ते) वाढली की लगेच एजंट हुशार झाला म्हणून नाचू नका राव. 1000 सॅम्पल घेऊन प्रत्येक न्यूरॉनच्या व्हॅल्यूंचे 20-20 बिन (कप्पे) केलेत ना, तर एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या दोन न्यूरॉनमध्येही साधारण पाव बिट दिसतंच, ते नुसतं बायस (कमी सॅम्पलमुळे येणारा फुगवटा) आहे, म्हणून एका न्यूरॉनची टाइम सिरीज शफल करून परत मोजा आणि तेवढं वजा करा. न्यूरॉनच्या जोडण्यांच्या ग्राफचंही तेच, क्लस्टरिंग कोएफिशियंट (एका न्यूरॉनचे शेजारी आपसात किती जोडलेत ते) एकटा काही सांगत नाही, तेवढेच नोड (न्यूरॉन), तेवढ्याच एजेस (जोडण्या) आणि शक्यतो डिग्रीही (प्रत्येक नोडच्या जोडण्यांची संख्या) त्याच ठेवून रँडम ग्राफ बनवायचे, मग तुलना. आणि नॅचरल सिलेक्शन बंद ठेवलेला रन तर हवाच हवा. वेळखाऊ आहे, पण कॉम्प्लेक्सिटी तिथंही वाढत असेल तर श्रेय सिलेक्शनला कसं देणार?