शिखरं आधीच संरक्षित आहेत, मग खालच्या दऱ्यांसाठी वेगळा कायदा कशाला?

तुम्ही विचारलंय की सिएटलच्या पूर्वेचे डोंगर (अल्पाइन लेक्स वगैरे) 1976 पासून विल्डरनेस म्हणून सुरक्षित आहेत, तर मग खालच्या नदीखोऱ्यांतल्या जंगलांसाठी पुन्हा वेगळी मोहीम का चालते, ती कायद्यात उतरते कशी, आणि व्हिसावर राहणाऱ्या माणसाला त्यात काही करता येतं का. तिन्हींची उत्तरं देतो, पण सगळ्यात जास्त लिहिणार आहे ते हद्दीच्या रेषेबद्दल. दरी वाचते किंवा हातची जाते ती तिथेच.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडच्या अभयारण्याचं चित्र डोळ्यांसमोर ठेवून विल्डरनेस समजून घेता येत नाही. 3 सप्टेंबर 1964 च्या कायद्याने विल्डरनेसमध्ये पक्के किंवा तात्पुरते रस्ते, मोटारगाड्या, इंजिनाची अवजारं, विमान-हेलिकॉप्टर उतरवणं, बांधकाम आणि यांत्रिक वाहतूक (म्हणजे सायकलसुद्धा) यांना मनाई आहे. पायी किंवा घोड्यावरून जाणं, तंबू टाकणं, मासेमारी आणि राज्याच्या नियमांनुसार शिकार चालते. जमीन सरकारच्या, म्हणजे सगळ्यांच्या मालकीची राहते आणि माणसांना खुली असते. असा दर्जा फक्त अमेरिकी काँग्रेस (तिथली संसद) देऊ शकते आणि काढूनही तीच घेऊ शकते. हे शेवटचं कलम फार मोलाचं आहे. वनखात्याचा आराखडा पुढच्या आराखड्याने बदलतो. रस्ते नसलेल्या सुमारे 5 कोटी 85 लाख एकर वनजमिनीवर नवे रस्ते रोखणारा 2001 चा नियम घ्या. तो नियमच होता, कायदा नव्हता. म्हणून 2025 मध्ये तो मागे घेण्याची प्रक्रिया सरकारला थेट सुरू करता आली.

आता दऱ्यांकडे येऊ. सुरुवातीच्या काळात जे वाचवलं गेलं ते बहुतांशी उंचावरचं होतं: खडक, बर्फ, तळी. तिथे विकण्याजोगं लाकूड नव्हतं, त्यामुळे विरोधही फारसा झाला नाही. डग्लस फर, हेमलॉक आणि सीडर हे मोठे वृक्ष वाढतात ते ढोबळमानाने 3,000 फुटांच्या खाली. एल्क या मोठ्या हरणांचे कळप हिवाळ्यात खालीच उतरतात. सॅमनही खालच्या, कमी उताराच्या पाण्यातच अंडी घालतात. आणि लाकूडतोड, रस्ते, धरणांचे प्रस्ताव यांनाही नेमकी तीच जमीन हवी असते.

सॅमनचं उदाहरण जवळून बघा. मादी शेपटीने नदीतळाची रेव उकरते, खळग्यात अंडी घालते आणि वर पुन्हा रेव लोटते. अंड्यांना प्राणवायू मिळतो तो रेवेच्या फटींतून झिरपणाऱ्या थंड पाण्यातून. वर डोंगरउतारावर लाकूड वाहून नेण्याचा जुना रस्ता असतो, त्याखाली पाणी जाण्यासाठी मोऱ्या असतात. कॅस्केड्सच्या (सिएटलच्या पूर्वेची हीच डोंगररांग) पश्चिम उतारावर हिवाळ्याच्या सुरुवातीला ताज्या बर्फावर उबदार पाऊस पडतो आणि एका रात्रीत पाण्याचा लोंढा येतो. फांद्या-दगडांनी मोरी तुंबली की पाणी रस्त्यावरून वाहू लागतं, भराव खचतो आणि सगळी माती खाली ओढ्यात येते. त्यातला बारीक गाळ रेवेच्या फटी लिंपून टाकतो आणि अंडी गुदमरतात. रस्त्यावरून वीस वर्षांत एकही ट्रक गेला नसला तरी हे होतं. म्हणून ‘तोड थांबली, आता धोका कसला’ हा युक्तिवाद दरीत टिकत नाही.

काठावर जुनी झाडं असणं केवळ सावलीपुरतं गरजेचं नाही. मोठा सीडर नदीत कोसळला की त्यामागे डोह तयार होतो, प्रवाह फुटून बाजूची धार निघते, रेव अडते. सॅमनची पिल्लं पुरात तिथेच तग धरतात. बारीक खोड पहिल्याच पुरात वाहून जातं. इतकं जाड खोड तयार व्हायला शतकं लागतात, त्यामुळे काठचं जंगल एकदा तुटलं की नदीला आतून आधार देणारं लाकूड कित्येक पिढ्या मिळत नाही. मार्बल्ड मरलेट नावाचा साधारण मैनेएवढा समुद्रपक्षीही याच झाडांवर अवलंबून आहे. तो घरटं बांधत नाही; जुन्या झाडाच्या जाड, शेवाळलेल्या फांदीवर एकच अंडं घालतो आणि त्यासाठी समुद्रापासून पन्नासेक मैल आत येतो. 1992 पासून तो केंद्र सरकारच्या संकटग्रस्त यादीत आहे.

दऱ्यांच्या बाबतीत नेहमीचा आक्षेप येतो तो शुद्धतेचा. इथे पूर्वी तोड झाली, रस्ते होते, मग हे विल्डरनेस कसं? इंडेक्स गावाच्या वर, स्कायकोमिश नदीच्या खोऱ्यात ‘वाइल्ड स्काय’ विल्डरनेस आहे, त्याचं विधेयक याच मुद्द्यावर अडकलं होतं. सिनेटर पॅटी मरी आणि प्रतिनिधी रिक लार्सन यांनी ते 2002 मध्ये पहिल्यांदा मांडलं. सिनेटने ते वारंवार मंजूर केलं, पण प्रतिनिधीगृहाच्या समितीचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड पोंबो यांचं म्हणणं होतं की जुने रस्ते आणि जुनी तोड असलेले हजारो एकर वगळा. ते वगळले असते तर नेमका सखल भाग, म्हणजे सॅमनचे ओढे, बाहेर राहिला असता आणि पुन्हा शिखरंच हाती आली असती. मांडणाऱ्यांनी ते मान्य केलं नाही, वाट पाहिली, आणि 8 मे 2008 रोजी सुमारे 1,06,000 एकरांचा (430 चौ. किमी) कायदा झाला. माझ्या मते तो हट्ट बरोबर होता. 1964 च्या कायद्याला कधीच हात न लागलेली जमीन लागत नाही; माणसाच्या कामाच्या खुणा सहज नजरेत भरू नयेत एवढंच लागतं. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या राज्यांत एकेकाळी पुरती तोडलेली जंगलं 1975 च्या कायद्याने विल्डरनेस झालीच होती. प्रॅट नदीची दरीही गेल्या शतकाच्या पूर्वार्धात रेल्वे टाकून तोडली गेली होती. ती पुन्हा वाढली आणि 2014 मध्ये अल्पाइन लेक्सला जोडलेल्या सुमारे 22,173 एकरांत आली.

आता हद्दीची रेषा. डोंगरमाथ्यावर ती कड्यावरून ओढली की संपलं. दरीत तिच्या आड रस्ता येतो, खाजगी जमीन येते, सायकलची वाट येते, विजेची लाइन येते. रेषा रस्त्याच्या किती जवळ न्यायची इथे सगळ्यात महागडी चूक होते. नॉर्थ कॅस्केड्समधल्या स्टेहेकिन रस्त्याचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. 1988 च्या कायद्यात विल्डरनेसची हद्द रस्त्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना 50 फुटांवर ठेवली. ऑक्टोबर 2003 च्या पुरात नदीने पात्र बदललं आणि वरचा रस्ता गिळला. रस्ता थोडा सरकवून पुन्हा बांधायचा तर ती जमीन विल्डरनेसमध्ये, म्हणजे काँग्रेसचा नवा कायदा हवा. तशी विधेयकं आली आणि विरली. रस्ता गेला याचं काहींना बरंच वाटेल. पण पुढच्या दरीतले लोक हे उदाहरण दाखवून विरोध करतात, आणि त्यांची भीती खोटी नसते. नदी सरकणारच आहे हे धरून चालायचं. चालू ठेवायच्या रस्त्यालगत पुराचं मैदान आणि खचणारा उतार पाहून पुरेसं अंतर सोडायचं, आणि ते अंतर नकाशावर डोळ्यांनी ठरवायचं नाही. आधी वनखात्याच्या रस्ते-अभियंत्याबरोबर प्रत्येक मोरी पायी बघायची.

सोडलेली पट्टी उघडी पडते, तिचं काय? तिथे दुसरा कायदा कामी येतो, 2 ऑक्टोबर 1968 चा नद्यांचा कायदा. एखादी नदी ‘वाइल्ड अँड सीनिक’ ठरली की त्या पट्ट्यावर नव्या धरणाला केंद्राचा परवाना मिळत नाही, आणि दोन्ही काठांवर सरासरी पाव मैलाच्या पट्टीतल्या सरकारी जमिनीचा आराखडा नदीला धरून करावा लागतो. सायकल आणि रस्ता मात्र चालू शकतात. 2014 मध्ये स्नोक्वाल्मी नदीच्या मिडल फोर्कवर (मधल्या शाखेवर) हेच केलं. वरचे उतार आणि प्रॅटची दरी विल्डरनेस झाली, मिडल फोर्कची वाट हद्दीबाहेर ठेवली म्हणून उन्हाळ्यात विषम तारखांना तिथे सायकली चालतात, आणि मिडल फोर्कचे 27.4 व प्रॅटचे 9.5 मैल नदीच्या कायद्याखाली आले. यामुळे सायकलवाले विरोधक व्हायचे ते पाठीराखे झाले. या दोन कायद्यांची जोडी नसेल तर सखल दरीचं विधेयक मांडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अपवादही आधीच लिहून घ्यावे लागतात. वाइल्ड स्कायच्या कायद्यात लेक इसाबेलवर पूर्वापार उतरणारी पाण्यावरची विमानं, एव्हरग्रीन माउंटनवरची वणव्याच्या टेहळणीची जुनी खोली आणि बचावपथकांसाठी रेडिओचा रिपीटर (संदेश पुढे पोचवणारं यंत्र) यांची सोय नावानिशी केलेली आहे. ती का, ते दुसऱ्या एका विल्डरनेसमधल्या ग्रीन माउंटनवर दिसलं. तिथली तशीच जुनी खोली हेलिकॉप्टर वापरून दुरुस्त केली म्हणून 2012 मध्ये कोर्टाने ती हटवायचा आदेश दिला; वाचवायला 2014 मध्ये काँग्रेसला वेगळा कायदा करावा लागला. तसंच करारातून आलेले आदिवासी राष्ट्रांचे हक्क. 1855 च्या पॉइंट इलियट कराराने त्यांचा मासेमारीचा हक्क राखलेला आहे, तो या दर्जाने कमी होत नाही हे विधेयकात स्पष्ट लिहायला हवं आणि त्यांच्याशी बोलणी नकाशा पक्का होण्याआधी व्हायला हवीत, नंतर नाही.

जुन्या रस्त्यांचं कामही क्रमाने करायचं असतं. मोऱ्या उपसणं, भराव काढून उतार मूळच्या आकारात आणणं हे एक्स्कॅव्हेटरचं काम आहे. दर्जा मिळाल्यावर तिथे यंत्र न्यायचं तर ‘याहून कमी हस्तक्षेपात होणारच नाही’ हे कागदावर सिद्ध करावं लागतं. म्हणून ते आधी उरकावं, नाहीतर तेवढ्या कामाची मुभा कायद्यात मागावी. ही गोष्ट राहून गेली तर सुरक्षित दरीतच भराव खचत राहतो.

काँग्रेसमधली वाट थोडक्यात सांगतो. विधेयकात एकरांचा अंदाजे आकडा आणि तारखेसह नकाशाचं नाव असतं. खरी हद्द त्या नकाशावरची. दोन्ही सभागृहांच्या समित्यांत सुनावणी होते. दोन वर्षांची काँग्रेस संपली की उरलेलं विधेयक मरतं आणि पहिल्यापासून सुरुवात. एकट्याने क्वचितच पार होतं. बहुतेक वेळा इतर विधेयकांबरोबर मोठ्या गठ्ठ्यात जातं, 2014 चा भाग तर संरक्षण खर्चाच्या कायद्यात गेला. ऑलिंपिक द्वीपकल्पासाठीचं ‘वाइल्ड ऑलिंपिक्स’ (1,26,500 एकरांहून जास्त जंगल आणि 464 मैल नद्या) 2012 पासून मांडलं जातंय. प्रतिनिधीगृहाने ते गठ्ठ्यात मंजूरही केलं, पण कायदा अजून झालेला नाही.

दर्जा मिळाला म्हणजे पैसा मिळत नाही, हेही लक्षात घ्या. वाटा वनखात्याच्या तुटपुंज्या निधीवर आणि स्वयंसेवकांवर चालतात. आत चेनसॉ चालत नाही, त्यामुळे वाटेवर पडलेलं चार फुटी खोड दोघांनी ओढायच्या लांब करवतीने कापतात, त्यात अख्खा दिवस जाऊ शकतो. आणि सखल वाटा हिवाळ्यातही उघड्या असल्याने गर्दी तिथेच होते. अल्पाइन लेक्समध्ये एका गटात बाराच जीव चालतात, घोडे-खेचरं धरून. आपल्या मंडळाची चाळीस जणांची सहल न्यायची असेल तर ती विल्डरनेसबाहेरच्या वाटेवर न्या.

व्हिसावर असताना काय करता येतं? मत देता येत नाही, आणि ग्रीन कार्ड नसेल तर निवडणुकीतल्या उमेदवाराला पैसे देणं बेकायदा आहे. पण तुमचा प्रतिनिधी पत्त्यावरून ठरतो. त्याच्या कार्यालयाला पत्र लिहायला, भेट मागायला नागरिकत्व लागत नाही. संस्थांना देणगी चालते. सगळ्यात परिणामकारक म्हणजे वनखात्याच्या प्रस्तावांवर लेखी सूचना देणं. त्यात ‘जंगल वाचवा’ असं लिहून उपयोग नाही. रस्त्याचा क्रमांक, मैल, तारखेचा फोटो, कुठली मोरी तुंबलीये, खाली कुठला ओढा आहे आणि नेमका कुठला बदल हवा, हे लिहा. तसं पत्र अधिकाऱ्याला सहज बाजूला सारता येत नाही. मुदत चुकवू नका, कारण निर्णयाच्या मसुद्यावर पुढे हरकत घ्यायचा हक्क सहसा त्यालाच मिळतो ज्याने आधी मुदतीत, त्याच मुद्द्यावर लेखी म्हणणं दिलेलं असतं.