लेक मिशनवर आहे, पत्रात काय लिहू?

प्रश्न : मी मूळची सांगलीची. लग्नानंतर अमेरिकेतल्या यूटा राज्यात आले. नवरा इथलाच, मॉर्मन चर्चचा. मी माझे देव सोडले नाहीत आणि त्यानेही कधी तसा आग्रह धरला नाही. लेक मात्र वडिलांच्या चर्चमध्ये वाढली. पाच महिन्यांपूर्वी ती मिशनवर, म्हणजे चर्चच्या अठरा महिन्यांच्या धर्मप्रसाराच्या सेवेवर गेली. आधी इथल्याच प्रोवोतल्या चर्चच्या प्रशिक्षण केंद्रात जपानी शिकली, आता जपानमध्ये होक्काइदोत आहे. मी दर आठवड्याला लांबलचक ईमेल लिहिते, उत्तर चार ओळींचं येतं. मागच्या वेळी तिने लिहिलं, “आई, इथे कुणी दार उघडत नाही, मला काही जमत नाहीये.” त्यातच माझी आई सांगलीला घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, मिरजेला ऑपरेशन झालं. याला तीन आठवडे झाले. लेकीला अजून सांगितलेलं नाही, तिचं मन उडेल अशी भीती वाटते. ज्या कामासाठी ती गेली आहे त्यावर माझी श्रद्धा नाही. मग मी तिला धीर तरी कुठल्या शब्दांत देऊ?

उत्तर :

ताई, आधी आजीचं. सांगा, आणि येत्या पी-डेलाच, म्हणजे मिशनरींच्या आठवड्याच्या तयारीच्या दिवशीच (बहुधा सोमवारी) सांगा. लेकीला जपायचं म्हणून लपवलेली गोष्ट मामेबहिणीच्या एखाद्या मेसेजमधून तिच्यापर्यंत पोहोचली, तर पुढचे सगळे महिने “घरी सगळं ठीक आहे” हे तुमचं वाक्य ती संशयाने वाचेल. मिशनरींकडे स्मार्टफोन असतात, नातेवाइकांना नियम माहीत नसतात, त्यामुळे ही वेळ फार लांब नाही.

ईमेलमध्ये मात्र लिहू नका. व्हिडिओ कॉलवर सांगा आणि पहिल्या दोन मिनिटांतच सांगा. शेवटी सांगितलं तर ती रडत फोन ठेवेल आणि उरलेला दिवस त्यातच जाईल. पाच गोष्टी या क्रमाने : काय झालं, कधी झालं, ऑपरेशन कसं झालं, आजीजवळ आत्ता कोण आहे, आणि आजी आज काय करू शकते. वॉकर धरून दारापर्यंत जाते, स्वतःच्या हाताने जेवते, फिजिओथेरपीवाल्यावर चिडते, जे खरं असेल ते. उशिराबद्दल एकच वाक्य पुरे : “तुला त्रास होईल म्हणून थांबले, आता थांबणार नाही.” त्यावर लांब खुलासा करत बसू नका.

याच कॉलमध्ये तिला विचारून ठेवा, “उद्या घरात काही गंभीर झालं तर तुला कसं कळवायचं?” हा प्रश्न बहुतेक घरांत कुणी विचारत नाही. खरोखर वाईट बातमी आलीच, तर नवऱ्याने आधी तुमच्या वॉर्डच्या (स्थानिक मंडळीच्या) बिशपला आणि त्यांच्यामार्फत तिच्या मिशन प्रेसिडेंटला, म्हणजे तिथल्या मिशनच्या प्रमुखांना, फोन करावा. बातमी कळेल तेव्हा तिची कम्पॅनियन, म्हणजे सोबत राहणारी जोडीदार मिशनरी, शेजारी असेल, आणि प्रेसिडेंट किंवा त्यांच्या पत्नी तिच्याशी बोलायला तयार असतील. मध्यरात्री व्हॉट्सॲपवर आलेला एकटा मेसेज तिच्या वाट्याला येऊ नये.

फोनचे नियम आता पूर्वीसारखे कडक नाहीत. फेब्रुवारी 2019 पर्यंत मिशनरी घरी फोन करायचे ते नाताळ आणि मदर्स डे या दोनच दिवशी, एरवी आठवड्याला एक ईमेल. त्या महिन्यापासून दर पी-डेला फोन, मेसेज, व्हिडिओ कॉल करायची मुभा मिळाली. नाताळ, आईवडिलांचे वाढदिवस आणि घरच्या संस्कृतीतले महत्त्वाचे सण यांनाही घरी बोलायला चर्च सांगतं. संक्रांतीला किंवा पाडव्याला बोलायचं असेल, तर तिने आपल्या मिशन प्रेसिडेंटला आधीच विचारून ठेवावं. कॉल मात्र नेहमी तिने लावायचा असतो, तुम्ही नाही. एखाद्या सोमवारी तो आला नाही म्हणून घाबरू नका. पी-डे म्हणजे सुट्टीचा दिवस नव्हे. कपडे धुणं, घर झाडणं, आठवड्याचा बाजार आणि घरची पत्रं, सगळं संध्याकाळी सहाच्या आत उरकून ती पुन्हा कामाला लागते. तुमच्या लांब ईमेलला चार ओळींचं उत्तर का येतं, त्याचं अर्धं कारण हेच आहे.

वेळेचं गणित एकदा फ्रिजवर चिकटवा. जपानमध्ये सोमवारी दुपारी 1 वाजतो तेव्हा हिवाळ्यात यूटात रविवारी रात्रीचे 9 वाजलेले असतात आणि सांगलीत सोमवारी सकाळचे साडेनऊ. तिघींना एकाच कॉलवर यायला याहून सोयीची वेळ नाही. मार्चमध्ये यूटाची घड्याळं पुढे गेली की तुमचे 10 वाजतील, त्या दोघींच्या वेळेत फरक पडणार नाही. आजीची बातमी सांगताना आजीलाच समोर बसवा. नातीला आजीचा चेहरा दिसणं हे तुमच्या शंभर आश्वासनांपेक्षा जास्त उपयोगी आहे.

आता पत्रांचं. तुमचं पत्र तीन-चारशे शब्दांत बसवा आणि यूटाच्या रविवारी सकाळी पाठवून मोकळ्या व्हा, म्हणजे ती सोमवारी उठेल तेव्हा ते तिथे असेल. “काळजी घे, वेळेवर जेव, थंडीत स्वेटर घाल” हे दर आठवड्याला लिहू नका. त्यातून तिला घर दिसत नाही, तुमची काळजी तेवढी दिसते, आणि मग ती तुम्हाला सांभाळून लिहायला लागते. खऱ्या अडचणी पत्रातून गळायला लागतात त्या इथून.

त्याऐवजी आठवड्यातल्या दोन-तीन घटना नीट लिहा, म्हणजे नाव, वार, कुणी काय म्हटलं यासकट. धाकट्याची ड्रायव्हिंगची परीक्षा दुसऱ्यांदा बुडाली, आणि ती पार्किंगमध्येच का बुडाली. बाबांनी गराज आवरताना तिची सहावीतली सायकल सापडली आणि ती कुणाला दिली. पुरणपोळी फाटली तर फाटली म्हणून लिहा. सोबत एक फोटो, माणसं असलेला, दहा नकोत. शेवटी दोन-तीन प्रश्न, आणि ते असे की एका ओळीत उत्तर देता येईल : “कम्पॅनियनला तुझ्या हातचं काय आवडलं?”, “या आठवड्यात कुठला नवा जपानी शब्द कामी आला?” “कशी आहेस?” या प्रश्नाला जगातली प्रत्येक लेक “बरी आहे” असंच उत्तर देते.

तिच्याकडून दोन प्रकारची पत्रं येत असतील. एक सगळ्या ओळखीच्यांना जाणारं, फोटोंचं, उत्साहाचं. ते वाचून ती मजेत आहे असं समजू नका, ते सगळ्यांसाठीच लिहिलेलं असतं. आणि त्याला उत्तरही देऊ नका. फक्त तुम्हाला आलेल्या चार ओळींना उत्तर द्या.

“मला जमत नाहीये” हे वाक्य त्या चार ओळींत आलं, हे चांगलं झालं. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून ते आलं. याला “तू खूप छान करते आहेस” असं उत्तर दिलंत तर तिला वाटेल, आईने वाचलंच नाही. तिच्याच मागच्या पत्रांतून एखादी गोष्ट उचला आणि ती परत तिच्या हातात ठेवा : “गेल्या महिन्यात दुकानातल्या आजींशी पाच मिनिटं जपानीत बोललीस असं लिहिलं होतंस. प्रोवोत असताना तुला स्वतःची ओळखही अडखळत करून द्यावी लागायची.” खरा धीर एवढाच असतो, आणि तो द्यायला त्या धर्मावर श्रद्धा लागत नाही. अमक्याच्या मुलाने ब्राझीलमध्ये किती बाप्तिस्मे केले, हे मात्र चुकूनही लिहू नका. जपानमधल्या मिशनरीची तुलना ब्राझीलशी करणं अन्यायाचं आहे. चर्चचे नेते हीबर जे. ग्रँट 1901 साली जपानमध्ये पहिलं मिशन घेऊन गेले. तेवीस वर्षांत इतके थोडे लोक चर्चमध्ये आले की 1924 मध्ये ते बंद करावं लागलं, आणि तोवर चर्चचे अध्यक्ष झालेल्या ग्रँट यांच्याच कारकिर्दीत. काम पुन्हा सुरू झालं 1948 मध्ये. 1980 साली आशियातलं चर्चचं पहिलं मंदिर झालं ते टोकियोतच. बंद दारं तिच्या एकटीच्या वाट्याला आलेली नाहीत. हे बाबांनी तिला लिहावं, त्यांच्या तोंडून ते जास्त शोभेल.

तुम्ही मात्र तुमच्या श्रद्धेतूनच लिहा. “संध्याकाळी देवापुढे दिवा लावते तेव्हा तुझं नाव घेते” हे वाक्य ती नक्की जपून ठेवेल. बायबलमधली वचनं शोधून घालू नका, तिला ती उसनी वाटतील. वादही नको. “हे सगळं कशासाठी?” हा प्रश्न विचारायला ती परतल्यावर पुष्कळ वेळ आहे. परतीचे दिवस मोजणारी वाक्यं आणि लग्नाचा विषय, दोन्ही पत्राबाहेर ठेवा.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा. पहिले काही महिने जड जातात, आणि दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफर येते, तेव्हा कम्पॅनियन किंवा गाव बदललं की पुन्हा एकदा जड जातं. एक-दोन आठवड्यांत ते हलकं होत असेल तर ठीक. पण झोप लागत नाही, जेवण जात नाही, रोज रडू येतं, कशातच अर्थ वाटत नाही, असं दोन आठवडे चाललं असेल तर ती घराची आठवण नाही, आजार आहे. सरळ विचारा, “रात्री झोप किती लागते? जगणं नकोसं वाटतं का?” असं विचारल्याने कुणाच्या मनात नसलेलं काही शिरत नाही. चर्चने मिशनरींसाठी ताणावर एक पुस्तिका काढली आहे, त्यात हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा चार पातळ्या आहेत. “आज कुठल्या रंगात आहेस?” हे विचारणं दोघींनाही सोपं जाईल. नारिंगी-लाल असेल तर तिने त्याच दिवशी मिशन प्रेसिडेंट किंवा त्यांच्या पत्नीशी बोलावं. मिशनरींसाठी मानसिक आरोग्याचे सल्लागार असतात. जिवाला धोका वाटला तर पी-डेची वाट पाहू नका, तुम्हीच लगेच मिशन प्रेसिडेंटला फोन करा. अठरा महिन्यांच्या आधी घरी यावं लागलं तर यावं. कोण काय म्हणेल याची उत्तरं द्यायला तुम्ही दोघं आहात, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

पार्सल पाठवणार असालच, म्हणून थोडं. पत्ता तिच्या घराचा नको, मिशन ऑफिसचा घाला, ट्रान्सफरमध्ये घर बदलतं. कस्टम्सच्या फॉर्मवर प्रत्येक वस्तू आणि किंमत वेगळी लिहा, “खाऊ” एवढंच लिहिलं तर डबा अडकतो. मांस असलेलं काहीही पाठवू नका, जर्कीसुद्धा नाही. तिळगूळ, चकली चालेल. मेतकूट घरचं असलं तरी दुकानाचं सीलबंद पाकीट पाठवा, बिननावाची पिवळी पूड उघडून पाहिली जाते. जपानी तांदूळ चिकट असतो, त्याचा गुरगुट्या भात छान होतो. तूप पाठवायची गरज नाही. होक्काइदो दूधलोण्याचाच मुलूख आहे. बिनमिठाच्या लोण्याचं 200 ग्रॅमचं पाकीट मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं कढवलं की दीडशे ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. हे तिला व्हिडिओवर दाखवा, पी-डेला करू दे.

औषधांच्या बाबतीत आईपण बाजूला ठेवा. अमेरिकेतल्या दुकानात सहज मिळणारं विक्सचं इन्हेलर आणि सुडाफेडसारख्या स्यूडोएफेड्रीन असलेल्या गोळ्या जपानच्या कायद्यात बसत नाहीत. पार्सलमध्ये सापडल्या तर जाब तिला द्यावा लागेल. सर्दीपडशाचं औषध तिने तिथल्याच दुकानातून, मिशनमध्ये वैद्यकीय बाबी पाहणाऱ्या व्यक्तीला विचारून घ्यावं.