दोन स्त्रियांमधील प्रेमाच्या दृष्टीने ॲनिमे मालिकांचे परीक्षण करताना नेमके काय पाहावे?

आपल्याला ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या, मालिकांवर मराठीत परीक्षणे लिहायची आहेत आणि दोन स्त्रियांमधील प्रेम त्या मालिकांत कसे आले आहे, हे वाचकाला सांगायचे आहे. त्यासाठी ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढे सांगून भागते का, असे आपण विचारले आहे. मी गेली बारा वर्षे अशा मालिका पाहते आहे आणि प्रत्येकीची टिपणे वहीत लिहून ठेवते. माझ्या अनुभवात ‘आहे की नाही’ याचा उलगडा बहुधा पहिल्या दोन-तीन भागांतच होतो. खरा कस पुढे लागतो. मालिका या दोघींना उद्याचा दिवस देते का? शाळा संपल्यावर, घरात लग्नाचा विषय निघाल्यावर, दोघींपैकी एकीने माघार घेतल्यावर त्या प्रेमाचे काय होते? ते टिकत नसेल, तर का टिकले नाही याचे उत्तर कथा देते का? वहीत प्रत्येक मालिकेच्या नावाखाली मी सर्वांत आधी याविषयी लिहिते.

हाच प्रश्न आधी का, हे समजण्यासाठी या कथांचे मूळ पाहावे लागते. जपानमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी मुलींच्या शाळा वाढल्या आणि तिथल्या दोन मुलींमधील उत्कट मैत्रीवर कथा लिहिल्या जाऊ लागल्या. योशिया नोबुको (1896–1973) या लेखिकेची ‘हाना मोनोगातारी’, म्हणजे ‘फुलांच्या गोष्टी’, ही कथामाला 1916 पासून मुलींच्या मासिकात येऊ लागली आणि तिने या साहित्याला वळण दिले. अशा नात्यांना समाज खपवून घेत असे, पण एका अटीवर: शाळा संपली की मुलीने लग्न करावे आणि ते नाते आठवणीत ठेवून द्यावे. स्वतः योशियाबाईंनी मात्र ती अट पाळली नाही. मोन्मा चियो यांच्याबरोबर त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षे संसार केला आणि विवाहाचा मार्ग बंद असल्यामुळे 1957 मध्ये चियोंना कायद्याने दत्तक घेतले. लेखिकेच्या घरात जे घडत होते, ते तिच्या वारसदारांच्या कथांत यायला फार काळ जावा लागला. या प्रकाराला पुढे ‘युरी’ हे नाव मिळाले. युरी म्हणजे लिलीचे फूल.

मधल्या काळातला शेवट ठरलेला होता: ताटातूट किंवा मृत्यू. 1971 मध्ये आलेली यामागिशी र्‍योको यांची ‘शिरोई हेया नो फुतारी’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, या प्रकारातील आद्य मानली जाते, आणि तिच्यातील दोघींपैकी एकीचा जीव जातो. मराठी वाचकाला हे अनोळखी वाटू नये. आपल्याकडे 1981 मध्ये रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्येही एका मुलीवर प्रेम करणारी मित्रा अखेर आत्महत्या करते. ते नाटक त्याच्या काळात धाडसाचे होते आणि आजही आहे. पण प्रेम करणाऱ्या स्त्रीचा शेवट मरणातच व्हावा, ही सवय जपानी चित्रकथेला आणि मराठी नाटकाला दहा वर्षांच्या अंतराने सारखीच लागलेली दिसते. म्हणून परीक्षण करताना मालिकेचे साल आधी लिहावे. 2004 च्या मालिकेकडून 2023 ची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे, आणि 2023 च्या मालिकेला 2004 ची सवलत देणेही योग्य नाही.

2004 ची ‘मारिया-सामा गा मितेरु’ या दृष्टीने अवश्य अभ्यासावी. लिलियन नावाच्या कॅथलिक मुलींच्या शाळेत वरच्या वर्गातील मुलगी धाकटीला जपमाळ देते आणि त्या ‘बहिणी’ होतात. मालिकेच्या आरंभी मारियेच्या पुतळ्यासमोर साचिको युमीला थांबवते आणि तिच्या गणवेशाचा वाकडा झालेला टाय सरळ करते. एवढेच घडते. कोणी कोणावर प्रेम असल्याचे म्हणत नाही, पण युमीचा श्वास अडखळतो आणि पुढचे सारे कथानक त्या गाठीवर उभे राहते. ही मालिका प्रेमकथा आहे का? साचिको आणि युमी यांच्यापुरते माझे उत्तर ‘जवळजवळ’ असे आहे. परंतु त्याच मालिकेत सातो सेई आणि कुबो शिओरी यांची उपकथा येते. शिओरीला जोगीण व्हायचे आहे, सेईचे तिच्यावर निःसंशय प्रेम आहे, आणि नाताळच्या आदल्या रात्री पळून जाण्याचे ठरवून सेई स्टेशनवर वाट पाहत राहते. शिओरी येत नाही. इथे ताटातूट आहे, पण ती रूढी म्हणून उरकलेली नाही. सेई पुढे हसते, इतरांची थट्टा करते, एका धाकटीला सावरते, आणि या प्रत्येक कृतीत ती रात्र जाणवते. जुन्या चौकटीत राहूनही मालिकेने त्या प्रेमाचा परिणाम शेवटपर्यंत सांभाळला, म्हणून मी तिला वरचे स्थान देते.

2009 ची ‘आओई हाना’ मला त्याहून जवळची आहे. शिमुरा ताकाको यांच्या मांगावर आधारलेली ही अकरा भागांची मालिका कामाकुरात घडते, योशियाबाईंचे अखेरचे घर जिथे आहे त्याच गावात, आणि पहिल्या भागाचे शीर्षकही ‘हाना मोनोगातारी’ असेच आहे. फुमी ही उंच, अबोल, चटकन रडू येणारी मुलगी. जिच्यावर तिचे प्रेम होते त्या नात्यातल्या मोठ्या बहिणीचे लग्न ठरल्याची बातमी मालिकेच्या सुरुवातीलाच येते. म्हणजे जुन्या कथा जिथे संपत, तिथे ही सुरू होते. त्यानंतर फुमी दुसऱ्या मुलीच्या प्रेमात पडते आणि बालमैत्रीण आकिराला ते स्वतःच्या तोंडाने सांगते. आकिरा गोंधळते, पण मैत्रीण म्हणून तिने कसे वागावे याचा प्रामाणिक विचार करते. कुठेही ढोल-ताशे नाहीत, जलरंगासारखी पार्श्वचित्रे आहेत आणि संवादांमधल्या शांततेला पुरेसा अवकाश आहे. मांगाच्या मानाने मालिका फार लवकर थांबते ही तिची उणीव आहे, आणि ती परीक्षणात स्पष्ट नोंदवावी.

आता ‘यागाते किमी नी नारु’. नाकातानी निओ यांची मूळ मांगा 2015 ते 2019 या काळात आठ खंडांत पूर्ण झाली आणि तेरा भागांची मालिका ऑक्टोबर 2018 मध्ये सुरू झाली. त्याच्या आदल्याच महिन्यात, 6 सप्टेंबरला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 बाबतचा, समलिंगी संबंध गुन्हा नसल्याचा निकाल दिला होता. ते दोन महिने माझ्या वहीत शेजारशेजारच्या पानांवर आहेत. युऊ या मुलीला प्रेम म्हणजे काय ते कळत नाही आणि तोको तिच्यावर प्रेम करू लागते, ते नेमके युऊ बदल्यात काही मागणार नाही म्हणून. सहाव्या भागातील नदीचा प्रसंग मी कितीतरी वेळा पाहिला आहे. पुलाखाली पाण्यातून पलीकडे जाण्यासाठी दगड मांडलेले आहेत. मृत बहिणीसारखे होण्याचा अट्टहास सोडून दे, असे युऊ तिथे तोकोला सुचवते. तोको ते नाकारते आणि उलट, माझ्या प्रेमात पडू नकोस, अशी विनंती करते. युऊ ते मान्य करते, आणि आपण पाहणारे समजून चुकतो की ती खोटे बोलते आहे. दोघींमधले अंतर दगडांच्या अंतरात, उजेड-सावलीच्या पट्ट्यांत आणि पाण्याच्या आवाजात मांडलेले आहे. परीक्षण लिहिताना असा एक प्रसंग निवडून तो वाचकाच्या डोळ्यांसमोर उभा करावा, कारण ‘नात्याचे चित्रण संयत आहे’ असे लिहिल्याने कोणाला काही दिसत नाही.

याच मालिकेत कॉफीचे दुकान चालवणारी मियाको आणि शाळेतली शिक्षिका रिको या दोन प्रौढ स्त्रिया जोडीदार आहेत. तोकोवर मनातून प्रेम करणारी सायाका मियाकोला त्याबद्दल थेट विचारते आणि तिला सरळ उत्तर मिळते. प्रसंग लहान आहे, पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला आपला उद्या काउंटरपलीकडे कॉफी गाळताना दिसतो. शाळेच्या गणवेशातील प्रेमकथा असंख्य आहेत आणि प्रौढ जोडप्यांच्या थोड्या, त्यामुळे अशी उपपात्रे आहेत का, हे मी मुद्दाम शोधते. मालिका मात्र या मुली शाळेत बसवत असलेल्या नाटकाच्या प्रयोगाआधीच संपते. तिची पूर्तता मांगात आहे, आणि तिथे शाळा संपल्यानंतरही युऊ आणि तोको एकत्र आहेत.

भाषेकडे आपण विशेष लक्ष द्यावे असे मी सुचवीन, कारण मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक सोय आहे. जपानीतील ‘सुकी’ या शब्दात आवडणे आणि प्रेम करणे दोन्ही येते. मराठीतील ‘तू मला आवडतेस’ हे वाक्यही तसेच दोन्हींकडे झुकते आणि बोलणारीच्या स्वरावरून त्याचा अर्थ ठरतो. इंग्रजी सबटायटल्समध्ये ही संदिग्धता बऱ्याचदा एका बाजूला ढकलली जाते, म्हणून मूळ आवाज ऐकावा आणि ऐकलेले मराठीत मांडावे. संबोधनांचेही तसेच. आडनावावरून नावावर येणे, नावापुढचे आदरार्थी ‘सामा’ किंवा वरच्या वर्गातल्यांसाठीचे ‘सेन्पाई’ गळून पडणे, हे आपल्याकडे ‘अहो’वरून ‘अगं’वर येण्याइतके मोठे पाऊल असते, आणि कित्येक मालिकांत चुंबनाहून अधिक महत्त्वाचा क्षण तोच असतो. भाषांतराने तर नातेच बदलू शकते. ‘सेलर मून’च्या 1994 च्या मालिकेत हारुका आणि मिचिरु उघडपणे एकमेकींच्या जोडीदार आहेत, आणि 2000 मध्ये आलेल्या इंग्रजी डबिंगमध्ये त्यांना चुलत बहिणी करून टाकले गेले. म्हणून कोणती आवृत्ती पाहिली, हे परीक्षणात लिहिणे आवश्यक आहे.

अलीकडच्या मालिकांत प्रश्न वेगळा होतो. 2022–23 मधील ‘गुंडाम: द विच फ्रॉम मर्क्युरी’च्या पहिल्याच भागात सुलेत्ता आणि मिओरिने यांचा वाङ्निश्चय ठरतो, आणि मीसुद्धा मुलगीच आहे म्हणून गांगरलेल्या सुलेत्ताला मिओरिने सांगते की इथे हे अगदी चालते. चोवीसाव्या भागाच्या अखेरीस दोघींच्या बोटांत अंगठ्या आहेत. त्यानंतर एका मासिकातील मुलाखतीत आलेला त्यांच्या लग्नाचा उल्लेख डिजिटल आवृत्तीतून काढला गेला आणि अर्थ प्रेक्षकांवर सोपवल्याचे जाहीर झाले. माझे मत असे की परीक्षकाने पडद्यावर जे आहे त्याचेच मूल्यमापन करावे आणि पडद्याबाहेरची माघार वेगळी नोंदवावी. जपानमध्ये देशपातळीवर समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता नाही. सप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने मार्च 2021 मध्ये ही स्थिती घटनाबाह्य ठरवली, तरी कायदा बदललेला नाही. अशा देशात, एका मोठ्या आणि जुन्या मालिकासमूहाच्या शेवटच्या दृश्यात त्या अंगठ्या दिसणे याला वजन आहे.

2023 च्या ‘वाताशी नो ओशी वा आकुयाकु रेइजो’मध्ये तर मैत्रीण मिशा तिसऱ्या भागात नायिका रेला सरळ विचारते की तू समलिंगी आहेस का, आणि विनोदी मालिका थांबून त्यावर गंभीरपणे बोलते. रे तिच्या आवडत्या क्लेरचा ज्या तऱ्हेने पिच्छा पुरवते ते मात्र मला खटकते, आणि नायिका स्त्री आहे म्हणून त्याकडे डोळेझाक करू नये.

याच संदर्भात माझी एक चूक सांगते. 2004 च्या ‘कान्नाझुकी नो मिको’ची मी एका मैत्रिणीकडे मनापासून शिफारस केली होती. दोघींचे प्रेम कथेच्या केंद्रस्थानी आहे, शेवटही मला भिडला होता, आणि उत्तरार्धात एक नायिका दुसरीवर लैंगिक अत्याचार करते हे सांगायचे मी विसरले. मैत्रिणीने मालिका तिथेच बंद केली आणि मला फोन करून एवढेच विचारले, ‘तुला हे माहीत होतं ना गं?’ तेव्हापासून माझ्या प्रत्येक टिपणाच्या पहिल्या ओळीत बळजबरी, आत्महत्या, शिक्षक-विद्यार्थिनी संबंध किंवा वयातील मोठे अंतर असेल तर त्याचा उल्लेख असतो. त्यामुळे कथानकाचा एखादा धागा आधी कळतो, पण ती किंमत मला मान्य आहे.

तारांकने द्यायचीच असतील तर कथेला वेगळी आणि नात्याला वेगळी द्यावीत, आणि शेवटचा भाग पाहिल्याशिवाय दुसरी देऊ नयेत. आरंभ ‘आओई हाना’ने करावा. अकरा भाग दोन रविवारांत पाहून होतात. पहिल्यांदा नुसते पाहा आणि दुसऱ्यांदा वही घेऊन बसा. फुमी आकिराला स्वतःबद्दल सांगते त्या प्रसंगी तिचा आवाज कुठे खाली येतो आणि आकिरा किती वेळ गप्प राहते, तिथून आपले पहिले परीक्षण लिहायला घ्या.