एकच गट सहा फॉर्मांवर: लॅझारसबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: दुकानाच्या हिशेबाचा प्रोग्रॅम लॅझारसमध्ये (पास्कल भाषेत प्रोग्रॅम बनवायचं मोफत साधन) करतोय. नाव, फोन आणि ‘शोधा’ बटण हा गट सहा फॉर्मांवर (प्रोग्रॅमच्या खिडक्यांवर) कॉपी-पेस्ट केलाय. काहीही बदलायचं तर सहा ठिकाणी बदलावं लागतं. उपाय सांगाल का?

उत्तर: त्या गटाची फ्रेम करा, म्हणजे कुठल्याही फॉर्मवर ठेवता येणारा एक तयार तुकडा. फाइल मेन्यूत ‘न्यू…’ मधून फ्रेम घ्या, तिन्ही गोष्टी बटणाच्या कोडसकट तिथे मांडा आणि सेव्ह करा. मग प्रत्येक फॉर्मवरचा जुना गट काढा, स्टँडर्ड पट्टीतला टी-फ्रेम निवडून फॉर्मवर क्लिक करा आणि यादीतून आपली फ्रेम घ्या. मूळ फ्रेममध्ये केलेला बदल आता सहाही ठिकाणी दिसेल.

मात्र फॉर्मवरच्या प्रतीत बटण चुकून माऊसने सरकलं, तरी ती नवी जागा त्या फॉर्मच्या एलएफएम फाइलमध्ये (फॉर्मची मांडणी साठवणारी फाइल) लिहिली जाते. पुढे मूळ फ्रेममधलं बटण कुठेही हलवा, हा एक फॉर्म ऐकत नाही. अशा वेळी फॉर्मवर राइट-क्लिक करून एलएफएमचा सोर्स उघडा आणि फ्रेमच्या ‘इनलाइन’ भागातली तेवढीच ओळ काढून टाका. आणखी एक: फ्रेमला ऑनक्रिएट (तयार होताना आपोआप चालणारा) इव्हेंट नसतो. सुरुवातीची मांडामांड करायची तर क्रिएट कन्स्ट्रक्टर (फ्रेम तयार करणारा कोड) ओव्हरराइड करा, म्हणजे त्याजागी आपला लिहा, आणि त्यात आधी ‘इनहेरिटेड’ने मूळचा कोड बोलवा.

प्रश्न: स्वतः लिहिलेल्या कंपोनंटमध्ये (फॉर्मवर ठेवायच्या घटकात) ‘अंतर’ ही पूर्णांक प्रॉपर्टी ‘डीफॉल्ट १०’ अशी लिहिली. ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमध्ये (प्रॉपर्टी भरायच्या खिडकीत) १० भरतो, पण प्रोग्रॅम चालवला की ० येतं!

उत्तर: ‘डीफॉल्ट १०’ मुळे प्रॉपर्टीत १० भरलं जात नाही. किंमत १० असेल तर ती एलएफएममध्ये लिहू नये, एवढाच त्याचा अर्थ. ही पद्धत १९९५ च्या डेल्फीपासूनची (लॅझारस ज्याच्या धर्तीवर आहे ते साधन) आहे. तुम्ही भरलेले १० म्हणून फाइलमध्ये गेलेच नाहीत, आणि प्रोग्रॅम चालताना प्रॉपर्टीची किंमत साठवणारं फील्ड शून्यावरच राहिलं. कन्स्ट्रक्टरमध्ये त्याला १० द्या. नंतर पॅकेज इन्स्टॉल करून आयडीई (म्हणजे लॅझारस स्वतः) पुन्हा बिल्ड करायला विसरू नका, नाहीतर डिझायनर जुनाच कोड वापरत राहील.

प्रश्न: खिडकी मोठी केली की सगळं डाव्या कोपऱ्यातच राहतं.

उत्तर: अँकर्समध्ये (वस्तू खिडकीच्या कोणत्या कडांना बांधलेली राहील ते ठरवणारी प्रॉपर्टी) सुरुवातीला फक्त डावा आणि वरचा चालू असतो. मजकुराच्या रकान्याला उजवाही लावा, म्हणजे तो ताणला जाईल. बटणाला मात्र वरचा आणि उजवा एवढेच ठेवा.