गोल तोंडाकडून चौकोनी तोंडाकडे जाताना लॉफ्टला पीळ का पडतो

तुमची अडचण अशी: संगणकावर (CAD मध्ये) हवेच्या वाटेचा तुकडा काढताय, एका बाजूला १०० मिमी व्यासाचं गोल तोंड, दुसऱ्या बाजूला १२० × ६० मिमीचं आयताकृती तोंड (कोपरे १० मिमी त्रिज्येचे), मध्ये ८० मिमी अंतर. लॉफ्ट (दोन आकारांमध्ये पृष्ठभाग ताणून घन बनवणारी आज्ञा) केला की तो पिळवटतो, मध्येच बारीक होतो आणि शेल (घन आतून पोकळ करून ठरावीक जाडीची भिंत ठेवणारी आज्ञा) तर लागतच नाही. रेल (लॉफ्टला वाट दाखवणारी रेषा) टाकूनही फरक पडला नाही, आणि तो पडणारही नव्हता, कारण दोष रेलचा नाही.

लॉफ्ट आकार बघत नाही, तुकडे जोडतो. तुमच्या आयतात आठ तुकडे आहेत: चार रेषा, चार कंस. वर्तुळ मात्र एकसंध आहे. मग कुठला बिंदू कुठे जोडायचा हे सॉफ्टवेअर आपल्या मनाने ठरवतं आणि तिथेच पीळ पडतो. पीळ पडला की डमरूसारखी कंबरही आलीच.

म्हणून वर्तुळाचेही आठ कंस करा. त्यासाठी फ्युजन या CAD सॉफ्टवेअरमध्ये ब्रेक, सॉलिडवर्क्समध्ये स्प्लिट एन्टिटीज (बंद वर्तुळाला किमान दोन बिंदू द्यावेच लागतात). मध्यबिंदूतून २२.५°, ६७.५°, ११२.५° अशा कन्स्ट्रक्शन (फक्त मदतीच्या) रेषा काढून तिथे तोडा. आता ६७.५° ते ११२.५° हा कंस वरच्या सरळ बाजूला मिळेल आणि २२.५° ते ६७.५° हा उजव्या वरच्या कोपऱ्याला. सॉलिडवर्क्समध्ये प्रोफाइल (दोन्ही टोकांचे आकार) निवडताना दोन्हीकडे जुळत्या बिंदूंजवळच क्लिक करा. तरीही तिरकं गेलं, तर 'शो ऑल कनेक्टर्स' (कुठला बिंदू कुठे जोडला ते दाखवणारा पर्याय) करून हिरवे ठिपके ओढून जागेवर आणा.

दोन्ही टोकांना आधी १५–२० मिमीच्या सरळ कॉलर (गळपट्टीसारखे आखूड तुकडे) एक्स्ट्रूड करा, म्हणजे स्केच सरळ ओढून घन बनवा, आणि लॉफ्ट स्केचऐवजी कॉलरच्या फेसवरून (टोकाच्या पृष्ठभागावरून) घ्या. तेव्हाच टॅन्जंटची अट (सांध्यावर कडा न पडता सलग जुळण्याची) खऱ्या पृष्ठभागाशी लागते. फ्युजनमध्ये टॅन्जन्सी वेट (त्या अटीचा जोर) १ पासून सुरू करा. तो फार वाढवला की पृष्ठभाग फुगतो, त्यावर लाटा येतात. इतकं केल्यावर रेल बहुधा लागत नाही. लागलीच, तर ती दोन्ही प्रोफाइलना नेमकी चिकटलेली हवी आणि टोकाशी कॉलरला टॅन्जंट हवी, नाहीतर दोन अटी एकमेकींशी भांडतात.

शेल न लागण्याचं कारण बहुतेकदा हेच असतं, की आतल्या बाजूला जाडी देताना एखाद्या वळणाची त्रिज्या भिंतीच्या जाडीपेक्षा लहान पडते. पिळलेल्या जागी तर हे हमखास होतं. हवेच्या वाटेसाठी मी उलट क्रम सुचवेन: आतली पोकळी घन म्हणून बनवा, शेलमध्ये दोन्ही टोकांचे फेस काढून टाका आणि २ मिमी शेल बाहेरच्या दिशेने द्या. कोपरे १० चे १२ होतात, मिटत नाहीत. फक्त नळी बाहेरून चढणार असेल तर कॉलरचा बाहेरचा व्यास १०४ होतो, हे धरून चाला.

क्षेत्रफळही तपासा. वर्तुळाचं ७८५४ चौ. मिमी, तुमच्या आयताचं ७११४, म्हणजे सुमारे ९ टक्के कमी. उंची ६६ केली तर ७८३४ येतं. मधल्या छेदाचंही मोजून बघा, शिवाय झेब्रा पट्टे (पृष्ठभागावर काळे-पांढरे पट्टे दाखवून सलगपणा तपासणारं साधन) लावून कॉलरच्या सांध्यावर पट्टे तुटतात का ते पाहा.

हा तुकडा पत्र्यातून करायचा असेल तर हा लॉफ्ट उपयोगाचा नाही, तो सपाट उलगडत नाही. तिथे चार सपाट त्रिकोण आणि चार शंकूचे भाग अशी रचना लागते. सॉलिडवर्क्सचं लॉफ्टेड बेंड (पत्र्यासाठीची लॉफ्टची आज्ञा) वापरा, आणि सांध्यासाठी दोन्ही प्रोफाइल एका जागी उघडे ठेवा.