घाटात बंद पडणारी कॅराव्हॅन

प्रश्न : जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची कॅराव्हॅन करून घेतली आहे. डिझेल इंजिन, यांत्रिक पंप. पावसाळाभर गाडी उभी होती. आता सपाटीला नीट चालते, पण कुंभार्ली घाट चढताना हिसके देत बंद पडते. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते. मेकॅनिक पंप उतरवायला सांगतो. उतरवावा का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : इतक्यात नको. थांबल्यावर सुरू होते म्हणजे बहुधा टाकी आणि पंप यांच्यामध्ये डिझेल अडतंय. पंपाचा खर्च सर्वांत शेवटी.

पुढच्या वेळी हिसके सुरू झाले की सुरक्षित जागी थांबून टाकीचं झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर टाकीची हवानळी तुंबली आहे. कॅराव्हॅन करताना ही नळी नव्या फळ्यांखाली किंवा पाण्याच्या टाकीमागे चेमटते. उभ्या गाडीत कुंभारमाशी तिच्या तोंडात मातीचं घरही करते.

आवाज आला नाही, तर फिल्टरखालचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी दहा मिनिटांत तळाला बसेल. टाकी अर्धी रिकामी ठेवली की दमट हवेचं आत पाणी होतं. पाणी-डिझेलच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा काळपट चिकट गाळ टाकीतल्या जाळीवर बसतो. चढाला डिझेलची ओढ वाढते, जाळी बुजते. इंजिन थांबलं की गाळ सुटून खाली पडतो. म्हणून नुसता फिल्टर बदलून चार दिवसच बरं वाटतं. टाकी उतरवून धुवावीच लागते.

खात्री हवी असेल, तर ५ लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल भरून पंपाकडे जाणारी आणि परतीची, दोन्ही नळ्या त्यात सोडा. कॅन सायलेन्सरपासून लांब, घट्ट बांधा. त्यावर गाडी चढ चढली, तर दोष टाकीकडे.

तरीही बंद पडली, तर फिल्टरआधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडा. बुडबुडे दिसले की गाडी एअर घेते. कडक झालेल्या रबरी नळ्या बाहेर थेंबही न गळता हवा ओढतात. नळ्या, क्लिपा, तांब्याचे वॉशर नवे घाला. मग फिल्टरवरचा एअर स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल चढवायचा हातपंप मारा आणि स्क्रू आवळा. स्टार्टर एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका.

आणि घाटात इंजिन बंद पडलं की ब्रेक सारखा दाबत राहू नका. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधला निर्वाताचा साठा दोन-तीन दाबांतच संपतो आणि ब्रेक जड होतो. एकदाच घट्ट दाबून थांबा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा.

प्रश्न : आमची गाडी हिसका न देता, खड्ड्यात आपटली की एकदम बंद पडते.
– एक वाचक, मालवण

उत्तर : मग आधी वायरिंग पाहा. पंपावर डिझेल तोडणारं सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असेल, तर त्याचा करंट क्षणभर तुटला तरी इंजिन थांबतं. चावी चालू ठेवून व्होल्टमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं सोलेनॉइडच्या टोकाला लावा आणि वायर हलवा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर खाऱ्या हवेने जोड गंजले आहेत. इंजिन-चॅसीमधली अर्थिंगची पट्टीही सोडवून घासा, आवळा आणि वर ग्रीस लावा.