गोव्यात मुलांसाठी निसर्गावर आधारित सामूहिक कला शिबिर घ्यायचं आहे. साहित्य कुठून आणावं आणि मार्गदर्शक कलाकार कुठे मिळतील?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून पर्वरीला येऊन वर्ष झालं, सोसायटीतली आणि शेजारच्या वाड्यावरची मिळून पंचवीसेक मुलं आहेत, मे महिन्यात पाच दिवस मोकळे आहेत आणि मुंबईहून एखादा 'इन्स्टॉलेशन' करणारा कलाकार मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले.

मुंबईहून कोणाला आणू नका. तुमच्या घरापासून पाच-सहा किलोमीटरच्या आत तुम्हाला हवा तो माणूस आहे. त्याला कोणी कलाकार म्हणत नाही एवढंच.

मी सत्तरी तालुक्यातली. सात वर्षांपूर्वी आमच्या गावात देवळाच्या सभामंडपात असंच शिबिर झालं. आयोजक शहरातले, मी गावातली मदतनीस. पाच दिवस, २८ मुलं, विषय माटोळी. तुम्ही गोव्यात एक चवथ पाहिली आहे, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली ती फळाफुलांची चौकट पाहिली असेलच. आमच्या घरची माटोळी बाबा गेल्यापासून आई बांधते, म्हणून तिला बोलावलं. तिचं वय तेव्हा सत्तर.

पहिल्या दिवशी आयोजकांनी खोका उघडला. आत प्लास्टिकची फळं, प्लास्टिकची पानं, हिरवी नायलॉनची दोरी. कारण सरळ होतं: माटोळीचं सामान भाद्रपदातलं. कांगला, घागऱ्यो, कवंडळं, तोरिंगं मे महिन्यात कुठून आणणार? आईने एक प्लास्टिकचं कवंडळ हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत खोक्यात ठेवलं. म्हणाली, "मे म्हयन्यांत मे म्हयन्याचें बांदूंया."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ती मुलांना घेऊन कुळागरामागच्या, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेमागच्या डोंगरावर गेली. मे महिन्यात डोंगर कोरडा असतो, काही मिळणार नाही असं मलाही वाटलं होतं. मुलं साडेनऊला परतली ती पोती ओढत. बाहव्याच्या काळ्या शेंगा, फुटलेल्या सावरीची बोंडं, करवंदांच्या डहाळ्या, भिरंडं म्हणजे कोकमाची फळं, पोफळीच्या विऱ्या म्हणजे पानांचे रुंद देठ, हातभराहून लांब गारंबीची शेंग. टेटूची तलवारीसारखी शेंग एका मुलीने दगडावर ठेवून उकलली. आतून कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पंखांच्या बिया निघाल्या, एकावर एक रचलेल्या. वारा आला तशा उडाल्या. आईने अर्धी शेंग माटोळीला ठेवली आणि अर्ध्या बिया मुलांकडून डोंगराकडे उडवून घेतल्या.

बांधायला नायलॉन नाही. आईने घरून केवणीचं वाक, म्हणजे सालीचा धागा आणला होता, रात्रभर पाण्यात भिजवलेला. त्याच केवणीला मळसूत्रासारख्या पिळदार मुरुडशेंगा येतात, त्या मुलांच्या पोत्यात होत्याच. एकाच झुडपाचं वाक आणि एकाच झुडपाची शेंग, हे मुलांना कोणी सांगावं लागलं नाही. दोन दिवस तोंडातून शब्द न काढलेला एक मुलगा वाकाची पट्टी अंगठ्याने उभी चिरून बारीक करत बसला होता. चिरता चिरता ती मध्येच तुटली की आई त्याचा अंगठा धरून थोडा खाली सरकवायची. चौथ्या खेपेला पट्टी टोकापर्यंत सलग आली. मग दुपारभर त्याने उठायचं नाव घेतलं नाही.

आणि आता तुमच्या 'सामूहिक' या शब्दाकडे येते. लोक काय करतात, की मोठा कागद अंथरतात, प्रत्येक मुलाला त्यातला एक कोपरा देतात आणि त्याला सामूहिक चित्र म्हणतात. ते पंचवीस वेगळी चित्रं एका कागदावर. आमची चौकट माणग्याच्या बांबूची होती, चार हात लांब, तीन हात रुंद, आणि आईने ती पहिल्यापासून टांगूनच ठेवली. एका मुलाने गारंबी एका कडेला बांधली, चौकट भस्सकन तिकडे कलली. आता दुसऱ्या कडेला कोणाचा तरी नारळ हवा. ज्याच्याकडे नारळ होता त्याला तो मधोमध हवा होता. भांडण झालं, रडारड झाली. आई मध्ये पडली नाही. कललेली चौकट तशीच ठेवून चहा प्यायला गेली. ती परत आली तेव्हा नारळ कडेला गेला होता आणि मधोमध त्याच मुलाचा भिरंडांचा घोस होता. दुसऱ्याचं वजन पलीकडे असल्याशिवाय आपली वस्तू सरळ लटकत नाही, हे जमेल अशी कुठलीही रचना निवडा. कागद नको.

चौथ्या दिवशी शहरातले एक कलाकार दोन तास आले, पडद्यावर परदेशातल्या कलाकृती दाखवल्या, मुलांनी बांधलेल्या माटोळीसमोर फोटो काढले आणि गेले. समारोपाला त्यांच्या नावाने पाकीट निघालं. आईला शाल आणि श्रीफळ. नंतर छापलेल्या अहवालात त्यांचं नाव 'मार्गदर्शक' म्हणून होतं. आई होती 'स्थानिक ग्रामस्थ'. तिचं नाव नव्हतं.

मी आयोजकांना विचारलं तर म्हणाले, "त्यांनी मागितलं नव्हतं." ते एक वेळ सोडा. घरात माझा सख्खा भाऊ म्हणाला, "आईसाठी पैसे मागायला लाज नाही वाटत? देवाचं काम ते." अजूनही विषय निघाला की तो हेच म्हणतो. माझा भाऊ दरवर्षी जत्रेच्या नाटकात काम करतो. दिग्दर्शकाची बिदागी, रंगभूषावाल्याचे पैसे, पडदे-लाइटचं भाडं, हे सगळं वर्गणी काढून देताना त्याला देव आठवत नाही. तेही देवाच्याच जत्रेचं काम. चवथीला घरी आई बांधते ते देवाचं, मान्य. मे महिन्याच्या उन्हात २८ मुलांच्या मागे डोंगर चढली ते शिकवणं होतं, आणि शिकवण्याला मानधन असतं. बाईला झाडांची नावं येतात, गाठी येतात, वजन तोलता येतं, पण ती स्वयंपाकघरातून आली म्हणून ते फुकटचं, आणि पडद्यावर चित्रं दाखवली की ती कला, हे मला मान्य नाही.

तर, कलाकार कुठे मिळतील? चवथीच्या आधी म्हापसा, फोंडा, साखळीच्या बाजारात माटोळीचं सामान घेऊन बायका बसतात. म्हापशाला शुक्रवारी एरवीही रानातलं काहीबाही घेऊन येणाऱ्या असतात. त्यांच्याशी बोला. शेजारच्या वाड्यावरच्या मुलांच्या आज्या-आजोबांना विचारा. कोणी झावळं विणत असेल, कोणी देवळात कावीचं काम, म्हणजे भिंतीवर लाल मातीच्या थरात कोरलेली चित्रं, पाहत मोठं झालेलं असेल.

साहित्य विकत आणू नका. तुमच्या दारातली लाल माती फडक्यातून चाळली की रंग तयार. पाटीवर चुन्याचा पांढरा थर द्या, तो ओला असतानाच वर लाल मातीचा थर द्या आणि झावळीच्या हिराने कोरा. खालचा पांढरा उघडा पडतो. कावीची ही लहान मुलांना जमेल अशी वाट आहे. हळदीत चुन्याची निवळी टाकून ती लाल होताना दाखवा, मुलं तासभर हलत नाहीत. वयोगट वेगळे करू नका, सहा ते चौदा एकत्र बसू द्या. स्पर्धा नको, पहिला-दुसरा नको. सरकारच्या माटोळी स्पर्धेत वस्तूंचे प्रकार मोजतात, त्या नादात लोक डोंगर ओरबाडून आणतात हे आम्ही पाहतो.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. सत्तरीकडे सहल नेलीत तर म्हादई अभयारण्याच्या हद्दीतून एक पानही तोडायचं नाही, १९९९ पासून ते अभयारण्य आहे. खासगी जागेत मालकाला विचारून, आणि शक्यतो गळून पडलेलंच उचला. खाजकुइलीची शेंग मुलांना आधी लांबून दाखवून ठेवा. काजूच्या कच्च्या बीच्या टरफलातलं तेल कातडीला लागलं की फोड येतात. पावसाळ्यात शिबिर घेतलंत तर कळलावीचं फूल सुंदर दिसतं, पण झाड विषारी, कंद तर फारच. चुना मोठ्यांनी कालवायचा, डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. नऊ-साडेनऊनंतर डोंगरावर थांबू नका. आणि मुंबईचे सगळेच कलाकार दोन तासांचे असतात असं माझं म्हणणं नाही. पाच दिवस राहणारा मिळाला तर जरूर आणा, पण त्याच्याइतकंच पाकीट वाड्यावरच्या आजीला द्या, मुलांसमोर द्या, आणि फलकावर तिचं पूर्ण नाव लिहा.

ती गारंबीची शेंग अजून आमच्या पडवीत टांगलेली आहे. आई आता डोंगर चढत नाही, पण बसल्या जागी वाक चिरायला आणि गाठी मारायला शिकवते. बोलवायचं असेल तर मला कळवा. मानधनाचा आकडा मी सांगेन, तिला विचारू नका. ती नको म्हणेल.